गमबूटवालीचा शेवट

३ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी मयुरीने नागपूरहून व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं होतं, "मम्मी, ही तुझी घुग्घुसची निलू न?" पोळ्या लाटत होते, तशीच पिठाच्या हाताने पाहिला. निलूच ती. केस कापलेत, चष्मा लागलाय, निळी हातमागाची साडी. स्टेजवर खुर्ची टाकून बसली आहे, समोर भरलेलं सभागृह. आणि सांगतेय काय, तर लहानपणी घुग्घुसच्या व्हिडिओ हॉलात पाहिलेले भुताचे स्वस्तातले पिच्चर. रबरी मुखवटा आणि हनुवटीखाली दिसणारी त्याची शिवण. कवटीच्या डोळ्यांत पेटवलेले बॅटरीचे बल्ब. रक्त म्हणून कुंकवाचं पाणी. लोक हसून हसून लोळतायत.

माझी पोळी करपली.

तो व्हिडिओ हॉल म्हणजे आमच्या घराची मागची खोली. निलूने त्या खोलीत कधी पाऊल टाकलं नाही. एकदाही नाही.

४ नोव्हें.

झोप नाही. अंगणवाडीत दिवसभर जांभया. लिहून काढते म्हणजे डोकं थंड होईल.

बाबा खाणीत दुपारपाळीला. सकाळ मोकळी, म्हणून मागच्या खोलीत टीव्ही आणि भाड्याचा व्हीसीआर टाकला होता. रातपाळीचे लोक सुटले की तोंडावरचा कोळसा न धुता थेट आमच्याकडे. म्हणजे आमच्या घुग्घुसात भूत सकाळी नऊला निघायचं! खोलीत अंधार हवा म्हणून खिडकीला बारदान ठोकलेलं. बारदानाच्या भोकांतून ऊन यायचं आणि नेमकं चुडैलीच्या कपाळावर पडायचं. माणसं सतरंजीवर. अर्धे झोपलेले, अर्धे भ्यालेले.

बायापोरींना मनाई. मी जाऊ शकायचे कारण चहा मी द्यायचे. शेवटचा कप हातातून सुटला की बाबा डोळ्यांनीच म्हणायचे, चाल नीघ. त्यामुळे एकही पिच्चर अख्खा पाहिला नाही. आज दहा मिनिटं सुरुवात, उद्या दहा मिनिटं मधलं. शेवट तर कधीच नाही. शेवटाला मी मोरीत कप विसळत असायचे आणि भिंतीपलीकडून फक्त किंकाळ्या.

मग दुपारी नळावर निलू. शेजारची. तिचे वडील मास्तर, आमच्या अंगणाकडे बघायचीसुद्धा बंदी तिला. ती घागर खाली ठेवायची, त्याच घागरीवर बसायची आणि म्हणायची, "सांग न वं, मंग काय झालं?"

मंग काय झालं ते मलाही माहीत नसायचं. मी जोडून द्यायचे. रोज.

७ नोव्हें., शुक्रवार

तिचे सगळे व्हिडिओ पाहून झाले. काही दोनदा. यांनी विचारलं, "धान कापणीचे दिवस अन् तू मोबाइलात काय पाहून राह्यली?" म्हटलं, काही नाही. खरं म्हणजे माझं पोट दुखतंय. साधं, सरळ पोट दुखतंय. तिची साडी चांगली आहे, त्याने दुखतंय. ती थांबते त्या जागा चांगल्या आहेत, त्याने तर फारच. त्या जागा माझ्या आहेत! "अन् दार..." म्हणून गप्प बसायचं, हे मी तिला नळावर करून दाखवलंय.

अंगणवाडीत आज मुद्दाम राक्षसाची गोष्ट सांगितली. जीव ओतून. दोघं झोपले. एकीने विचारलं, बाई, खिचडी कव्हा?

बोलणाऱ्याची बोरं विकली जातात, न बोलणाऱ्याचे आंबे पडून राहतात. आई म्हणायची ते काही खोटं नाही.

९ नोव्हें., रविवार

आज गमबूटवाली आली.

निलूचा नवा व्हिडिओ. (आता नि.च लिहिते, तेवढं पुरे.) म्हणाली, "आता जे पिच्चर सांगते, ते सगळ्यात भारी." आणि सुरू केलं. एक बाई मरते, चुडैल होते. पाय उलटे. लोकांनी ओळखू नये म्हणून ती खाणकामगाराचे गमबूट घालते. वरून गमबूट सरळ, आतला पाय उलटा. तशी चालत आपल्या घरी येते, तर घरात नवऱ्याची दुसरी बायको. चुडैल दारात उभी. दुसरी तिला ओळखत नाही, नुसती म्हणते, "बाई, जोडे बाहेर काढून ये न." साधंच. आपल्यात कोणीही म्हणेल तसं. आता चुडैल गमबूट काढते की नाही?

नि. इथे थांबली. टाळ्या थांबेनात.

हे कोणत्याच पिच्चरमध्ये नाही. असूच शकत नाही. कोणत्या पिच्चरवाल्याने घुग्घुसचे गमबूट पाहिले? हे मी रचलं. अकरा वर्षांची असताना, बाबांचे गमबूट ओसरीत वाळत होते ते पाहून. माझं आहे. माझं माझं माझं.

११ नोव्हें.

व्हिडिओखाली लोक विचारतायत, ताई, पिच्चरचं नाव सांगा, कुठेच सापडत नाही. एक म्हणतो तेलुगू असेल. एक म्हणतो मी वरोऱ्याला तंबूत पाहिलं होतं. थापाड्या! मी लिहिलं, "हा पिच्चर नाही. ही माझी गोष्ट आहे." पाठवायच्या आधी पुसलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा पुसलं. सत्तेचाळीस वर्षांच्या बाईला शोभतं का हे?

मयुरीने कार्यक्रमवाल्यांकडून नंबर काढून दिला, फोनच केला. किती वर्षांनी. आधी पाच मिनिटं नुसतं "अगं मायबाई" चाललं होतं तिचं. खूश झाली, खोटं कशाला सांगू. मग मी हळूच काढलं, निलू, ती गमबूटवाली...

"तुले आठवते?" ती ओरडलीच. "मी समोर सतरंजीवर बसली राहू, अन् तू चहा आनू. तुह्या हातातली केटलीपन आठवते मले!"

केटली तिला मी सांगितलेली. सतरंजीही मीच सांगितलेली. ती खोटं बोलत नाही, हेच तर. मी इतकं चांगलं सांगितलं की ती आत जाऊन बसली, आणि मला तिने चहावाली करून टाकलं.

मी म्हटलं, जेवली का?

१६ नोव्हें., रविवार

साक्षीदार पाहिजे म्हणून चामोर्शीहून घुग्घुसला गेले. एस.टी.त निम्मा रस्ता उभी. रस्त्यावर तेच ट्रक, तीच धूळ, आईच्या तुळशीवर तोच काळा थर.

दादाला विचारलं, गमबूटवाली आठवते का. तो म्हणे, "आठवते न! बाबांनी दोनदा लावलं होतं ते पिच्चर. भेवानं मी बाहेर पळालो."

सख्खा भाऊ! त्यालाही मीच सांगितली होती, दोघं एका गोधडीत असताना. त्यानेही पाहिलं म्हणे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कायचं पिच्चर? इनंच बापाचे गमबूट नेले होते नळावर. माहा परकर डोक्यावर घेतला, चुडैल बनली. ते मास्तरची पोरगी पळाली न घागरीवर पडली, हनुवटी फुटली तिची. अन् बाबा घरभर गमबूट धुंडून राह्यले. त्या दिवशी त्याहिची पाळी चुकली."

हो. चपलेवर खाणीत घेत नाहीत. बाबा आयुष्यात एकदाच फाटकावरून परत आले, ते माझ्यामुळे. मारलं नाही. फक्त म्हणाले, उद्यापासून चहा दादा नेईल. संपलं. तो नळ, ती निलू, सगळं त्या दिवशी संपलं. तिच्या वडिलांनी तिला आमच्याशी बोलू दिलं नाही आणि वर्षभरात बदली झाली.

म्हणजे गोष्ट त्या दाराशीच अडकली. पुढचं मी रचलंच नव्हतं. म्हणून नि. तिथे थांबते. लोकांना वाटतं काय कला आहे!

२२ नोव्हें., शनिवार

नि.चा निरोप. २९ला चंद्रपूरला कार्यक्रम, संध्याकाळी सहा. "पहिल्या ओळीत बस. तुले पाहून मले बळ येईन." बळ येईन म्हणे. आयत्या बिळावर नागोबा.

मयुरी फोनवर: "मम्मी, उभी राह्य अन् सगळ्यांसमोर सांग न. भेतेस काऊन?"

ठरलं. सांगणार. ती शेवटी "हे पिच्चर कोणी पाहिलं?" विचारतेच, तेव्हा उठायचं. वाक्य पाठ केलं: हा पिच्चर नाही, ही गोष्ट मी घुग्घुसच्या नळावर सांगितली, आणि ताईंच्या हनुवटीवर जी खूण आहे ती त्याच दिवसाची.

साडी कोणती? हिरवी. मागून जांभळी काढली. तिच्यापुढे दोन्ही फिक्याच पडतील.

२९ नोव्हें., शनिवार. चंद्रपूर, दादाच्या सासुरवाडीला मुक्काम

लगेच लिहिते, नाहीतर उद्या मीही वेगळंच आठवेन.

सभागृह भरलेलं. दादा माझ्या शेजारी. नि.ने छान सांगितलं. लिहायला जड जातंय, पण माझ्यापेक्षा छान. गमबुटांचा आवाज तिने टाचेने काढला, फरशीवर, ठप... ठप... ते मी केलं नव्हतं. ते तिचं आहे. मला आणखी राग आला.

मग विचारलंच, "कोनी पाह्यलं हे पिच्चर? हात वर करा."

हात वर होत गेले. पंधरा-वीस तरी. दादाचाही! मी चिमटा काढला तरी खाली घेईना. आणि तिसऱ्या ओळीतला एक म्हातारा काठी टेकत उठला. म्हणाला, "बाई, मी त्याच हॉलात पाह्यलं. रातपाळी करून आलो होतो. मंग आठ दिवस मी माहे गमबूट झटकू झटकू घालू. पोरं हासत."

सगळे हसले. म्हाताराही हसला. त्याचे डोळे भरले होते, म्हणजे त्याला काय दिसत होतं कोण जाणे. ती खोली, ते दोस्त. त्यातले किती उरले असतील.

मी अर्धी उठले होते. आता मी बोलले असते तर नि. खोटी ठरली असती, ते मला चाललं असतं. पण तो म्हाताराही खोटा ठरला असता. बसले. पदर नीट करायला उठले होते असं दाखवलं.

नंतर आत गेले. नि.ने मिठी मारली. हनुवटीवरची खूण पावडरीखालून दिसतेच. मीच विचारलं, ही कशानं गं? "हॉलातून भेवानं पळाली न, दाराले लागलं," ती म्हणाली. अगदी सहज. मी काही बोलणार, तेवढ्यात तिने माझा हात धरला.

"एक सांग. मले सगळं आठवते, शेवटच आठवत नाई. लोक विचारू विचारू बेजार करतात. तुले आठवते का?"

"आठवते," मी म्हटलं. धडधडीत खोटं.

तिथे तिची एक पेटी होती, सामानाची. ती त्या पेटीवर बसली, पर्स पायाशी ठेवली, आणि माझ्या तोंडाकडे पाहत म्हणाली, "सांग न वं, मंग काय झालं?"

तेच शब्द. तोच आवाज. चष्मा, साडी, सगळं गेलं आणि घागरीवरची निलू उरली. मी तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात सत्काराला बोलावणं आलं. जाता जाता म्हणाली, फोनवर पाठव.

३० नोव्हें.

परतीच्या गाडीत विचार. महिनाभर मला वाटत होतं तिचं स्टेज पाहिजे, टाळ्या पाहिजेत. पाहिजेतच, साधुसंत नाही मी. पण काल जळले ते वेगळ्याच गोष्टीवर. आता तिचं ऐकणारे इतके आहेत, आणि माझं ऐकणारी एकच होती, निलू.

मयुरीला काय सांगू? सांगितलं, गर्दी होती, माइक मिळाला नाही.

३ डिसेंबर, बुधवार

तिचे तीन निरोप. "शेवट पाठव न." "१४ले नागपूरले कार्यक्रम हाये." "काऊन वं, विसरली का?"

काल अंगणवाडीत खिचडी ढवळताना शेवट सुचला. आपोआप. चुडैल दारात उभी आहे, दुसरी म्हणते जोडे बाहेर काढून ये, आणि मग. चांगला आहे. इतका चांगला की चमचा तसाच धरून उभी राहिले, खिचडी खाली लागली. छत्तीस वर्षं ती बिचारी दारात उभी होती, आता पुढचं पाऊल कुठे टाकते ते मला माहीत आहे. जगात फक्त मला.

इथे लिहीत नाही. वही कोणाच्याही हाती लागते.

पाठवला तर १४ तारखेला नागपूर टाळ्या वाजवेल, आणि तिला आठवेल की हा शेवट तिने सतरंजीवर बसून पाहिला. नाही पाठवला तर माझ्याजवळ राहील, आणि माझ्यासोबत जाईल. दोन्हीकडून मीच जळणार.

संध्याकाळी उत्तर लिहिलं. या वेळी पुसलं नाही.

"फोनवर नाई सांगत. चामोर्शीले ये. चहा ठेवते. बसून ऐक."

तिने वाचलं, खुणा निळ्या झाल्या. वर 'लिहीत आहे' असं आलं, थांबलं, पुन्हा आलं, थांबलं. आता अर्धा तास झाला, काहीच नाही. यांनी दोनदा विचारलं, जेवायला वाढतेस का. म्हटलं, थांबा थोडं.