सिगारेट सुटल्यानंतरची झोप

प्रिय ठमे,

पत्र हातात पडलं की आधी शेवट वाचायची तुझी खोड मला माहीत आहे. या वेळी तसं करू नकोस. पहिल्यापासून नीट वाच आणि यजमानांना मोठ्याने वाचून दाखवू नकोस, त्यांना मध्येमध्ये शंका फार येतात.

मी वैतागलो आहे. इतका की काल शिवणखोलीत एका अभ्र्याला चारी बाजूंनी टीप मारून बसलो आणि मग उशी घालायची कुठून म्हणून स्वतःवरच ओरडलो. वैतागाचं कारण तुझी अट नाही. तुझ्या लेकीला दमा आहे, घरात धूर चालणार नाही, सिगारेट सोडलीस तर घरी नेते, हे तू म्हणालीस ते वाजवीच होतं. इतकी वर्षं मनोरुग्णालयात काढल्यावर मला गज नसलेल्या खिडकीखाली झोपायचं आहे. त्यासाठी मी सिगारेट काय, चहासुद्धा सोडला असता. माझा वैताग आहे तो मला मदत करणाऱ्यांवर.

तुला बाहेरून कळायचं नाही, पण आमचा वॉर्ड सिगारेटवर चालतो. आंघोळ केली की एक, गोळी गिळून जीभ उचलून दाखवली की एक, भांडण न करता जेवलं की एक. हे वाटप वॉर्डमामांकडे. मामा म्हणजे दिवसभर आमच्यावर लक्ष ठेवणारे ते आडदांड गृहस्थ, गेल्या खेपेला तुझी पिशवी उचलून आणली होती ते. मनाने लोणी. मी सिगारेट सोडतोय म्हटल्यावर त्यांचाच चेहरा पडला. मग तुला आंघोळीला धाडू कसा, असं त्यांनी अगदी काळजीने विचारलं. मी म्हटलं, मामा, मी शिंपी आहे, तान्हं बाळ नाही, अंग मळलं की मला कळतं. त्यांना ते काही पटलं नाही. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून बाहेर आलो तर माझा हात आपोआप पुढे आणि मामांचा आपोआप खिशात! दोघंही असे ओशाळलो की विचारू नकोस. पुढे कितीतरी दिवस ते बाहेर फाटकामागे जाऊन स्वतः ओढून यायचे आणि तो दरवळ घेऊन माझ्या शेजारी बसून मला धीर द्यायचे. आता या माणसाचं काय करायचं, सांग.

दुसऱ्या आमच्या फुंकरबाई. समुपदेशन करायला येते ती मुलगी. मेणबत्तीवर फुंकर घालतो तसा श्वास सोडायला शिकवते म्हणून हे नाव. तिने भिंतीवर काळ्या फुप्फुसांचं चित्र लावलं. ते बघून निम्म्या लोकांना धसका बसला आणि धसका घालवायला त्यांनी जास्तीच्या सिगारेटी मागितल्या. तलफ लाटेसारखी येते, थांबलं की ओसरते, असं ती सांगते. ओसरते गं, पण तोवर नाकातोंडात पाणी जातं त्याचं काय? हात रिकामे ठेवू नका म्हणाली, म्हणून मी बटणं लावायला घेतली. वॉर्डातल्या शर्टांना इतकी बटणं लावली की काजं कमी पडली. पण मुलगी चिवट. मी एकदा तिला नको नको ते बोललो, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा खुर्ची ओढून समोर हजर. अशा माणसावर धड रागावताही येत नाही.

तर ठमे, सुटली. रडतकढत, दातओठ खात, शेजारच्या खाटेवरच्या रेडिओच्या सात पिढ्या उद्धरत, पण सुटली. रेडिओ म्हणजे माझा मित्र, दिवसभर बोलतो, बंद करायचं बटण नाही. त्याने स्वतः सोडली नाही, पण माझ्यासमोर ओढायची बंद केली. त्याच्यासारख्याने एवढं करणं म्हणजे फार झालं.

आणि मग मला झोप लागायला लागली. साधी नव्हे. ताटावर बसलो की मान खाली. शिवणयंत्रावर पाय ठेवला की डोळे मिटले. जीभ जड, तोंडातून लाळ, पाय भलतीकडेच. आमच्या डॉक्टरीणबाई रजेवर होत्या आणि बदलीवरचे डॉक्टर घाईघाईने येऊन आहे तेच चालू द्या म्हणून जायचे. सगळ्यांनी एकच निष्कर्ष काढला, धुरावरच चालत होता, धूर गेला आणि माणूस आटोपला. मलाही तसंच वाटू लागलं. मामांना बघवेना. एके दुपारी त्यांनी सिगारेट पेटवली आणि औषध भरवावं तशी माझ्या बोटांत दिली. ती तोंडाशी न्यायचं भान मला नव्हतं. रेडिओने झडप घालून ती काढून घेतली, वॉर्डच्या पार टोकाच्या खिडकीशी गेला, धूर बाहेर सोडत शांतपणे संपवली आणि येऊन मामांना शिव्या घातल्या. मैत्रीची ही तऱ्हा मी आधी पाहिली नव्हती.

त्याच आठवड्यात तू आलीस. नेमकी तेव्हाच! चांगला धडधाकट असतो तेव्हा तुला सवड नसते.

डॉक्टरीणबाई परतल्या, माझ्याकडे बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, याने सिगारेट सोडली का. मग रक्त काढलं, आणि त्या अशा कडाडल्या की रेडिओसुद्धा गप्प झाला. भानगड साधी होती. सिगारेटच्या धुराने माझं औषध अंगात भराभर संपून जायचं, म्हणून मला मोठा डोस लावलेला. धूर बंद झाला, डोस तोच राहिला, आणि औषध अंगात साचत गेलं. माणूस वाळला आणि सदरा जुन्याच मापाचा घातला, असं समज. सोडणाऱ्याचं औषध बघून कमी करावं लागतं, हे मला फुंकर घालायला शिकवणाऱ्या एकाही माणसाने लक्षात ठेवलं नाही. फुंकरबाई माझ्यासमोर येऊन रडली. मी म्हटलं, रडतेस काय, आता पुढच्याच्या वेळी आधी डॉक्टरांना सांग. बाईंनी डोस उतरवला. आता मी जागा आहे, पुरता जागा, आणि म्हणूनच एवढा चिडू शकतो.

आता हे सगळं कशासाठी लिहिलं ते. घरच्यांशी संपर्क ठेवणाऱ्या इथल्या समाजसेविकाबाईंनी काल मला बसवून सांगितलं, की त्या भेटीनंतर तू नाही म्हणून कळवलंस. आता हा आम्हाला झेपायचा नाही, म्हणालीस. त्यांनी तुला फोन करून औषधाचं सांगितलं, तर तू ऐकून घेतलंस आणि विषय बदललास. म्हणून मीच लिहितो आहे. ठमे, त्या दिवशी तू माझी हनुवटी रुमालाने पुसलीस ते मला कळत होतं. सुटली गं, एवढा एकच शब्द तुला सांगायचा होता, तर जीभ उचलेना. तू निघालीस, दाराशी थांबून वळून बघितलंस, तेही मी पाहिलं. जिवाला फार लागलं. तुझी अट पाळली म्हणून मी तसा झालो होतो आणि तसा झालो म्हणून तू नाही म्हणालीस. एकदा ये. न्यायला नको, नुसती ये. समोर बस, माझ्याशी भांड, हवं तर माझ्या शर्टाचा वास घे. खाटेवरच्या त्या माणसाला तू नाही म्हणालीस ते बरोबरच केलंस, मीही त्याला घरी नेलं नसतं. पण मला तू अजून नाही म्हणालेली नाहीस. म्हणायचंच असेल तर मला बघून म्हण.

तुझाच,
वैतागलेला आणि टक्क जागा
दादा