अपेक्षाला सुचवलेले भयपट

४ ऑगस्ट

अजून सतरा दिवस! घशातली गाठ काढली. डॉक्टर म्हणाले, एक शब्दही नाही, कुजबुजही नाही. चाळीस वर्षं बुवाबाजीविरुद्ध गावोगाव बोललो, आणि आता पाणी मागायचं तर पाटीवर लिहून.

५ ऑगस्ट

धाकटा भाऊ निवृत्ती त्याच्या पोरीचं, अपेक्षाचं, लग्न उरकायला निघालाय. सतराला बीबी गावचे पाहुणे तिला बघायला येणार. अपेक्षाला अकोल्यात नर्सिंगला प्रवेश मिळालाय, त्याचं काय? पाटीवर लिहिलं — तिला शिकू दे.

“दादा, चष्मा नाही माह्याजवळ,” म्हणाला आणि गेला. चष्मा नाकावर होता.

८ ऑगस्ट

बाहेर साड्यांची चर्चा, म्हणून अपेक्षा दुपारभर माझ्या खोलीत. “मोठेबाबा, भुताचे पिक्चर सुचवा ना. एकदम जुन्यापासून.”

भूत मानत नाही, पण भयपटांचा मी जुना भोक्ता. पाटी पुसून पुसून यादी दिली. आधी शंभर वर्षांपूर्वीचा मूकपट — किंकाळी नाही, सगळी भीती चेहऱ्यात. मग तो काळा-पांढरा, ज्यात भूत शेवटपर्यंत दिसतच नाही. घाबरवायचं काम घरची माणसंच करतात. नुसतं रक्त सांडणारे वगळ, असंही लिहिलं.

१२ ऑगस्ट

आज अलीकडचा एक पाहिला, तिच्या मोबाईलवर. कोंडून ठेवलेली सून एक दिवस घोगऱ्या आवाजात बोलायला लागते. मारणारेच हात जोडतात. अपेक्षाने तो प्रसंग चारदा मागे नेला. “तिची मान पाहा. डोळे आधी नाही फिरवत.”

मी लिहिलं — अंगात देव येत नाही, दाबून ठेवलेली बाई बोलते. सभेत या वाक्याला टाळ्या पडतात.

“मंग तिले गप काऊन करता तुमी?”

मी पाटी पुसली.

१५ ऑगस्ट

शाळेतलं माझं दरवर्षीचं भाषण यंदा गावातल्या तुळशीरामने केलं. चार मिनिटांत संपलं. लोक खूश.

१७ ऑगस्ट

पाहुणे आले. अपेक्षाने चहाचा ट्रे नीट खाली ठेवला. मग मान हळूहळू कलली, केस सुटले, आणि तो आवाज — “ह्या पोरीले मी अकोल्याले धाडून राह्यली. आडवं कोण येते?”

तिची आई बेबीताई पायांवर पडली. निवृत्तीने हळद-कुंकू मागवलं. पाहुण्यांनी चपला घातल्या.

डोळे तिने आधी फिरवले नाहीत.

अशा कितीतरी बायकांना मी भर सभेत उघडं पाडलं. टाळ्या घेऊन घरी आलो. त्यांचं पुढे काय झालं, एकदाही विचारलं नाही.

१८ ऑगस्ट

निवृत्ती जवळ येऊन बसला. “दादा, तुमी यातले जाणकार. खरं हाये का नाटक, सांगा. नाटक असन तं पाहुण्यांले उद्याच परत बोलावतो.”

दाराआड अपेक्षा उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती.

लिहिलं — एकवीसला तोंडाने सांगतो. पळवाट! खरं लिहिलं तर पोरगी गेली. खोटं लिहिलं तर चाळीस वर्षं गेली.

२१ ऑगस्ट

डॉक्टरांनी बोलायची मुभा दिली. ओसरीवर सगळे वाट पाहत होते. माझं पहिलं वाक्य — “निवृत्ती, देवीचं ऐकावं लागते, बाबा.”