स्पीकरमधली घरघर

अहो,

वापरून बघायला आणलेला पॉवर कंडिशनर परत करायला दुकानात जातेय. वीज कितीही स्वच्छ करत असलं, तरी एवढं महागाचं मशीन आपल्या काही कामाचं नाही. तोंडावर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून लिहून ठेवतेय.

काल दुपारी ते लावून तुम्ही डोळे मिटून स्पीकरसमोर बसलात. गाणं लावलं नव्हतं. म्हणालात, "घरघर आहे अजून, पण बरीच कमी झालीय. घेऊनच टाकू." तेव्हा स्पीकर बंद होते. प्लग मीच काढला होता, तुमच्या पाठीमागे. फसवलं, माफ करा.

घरघर विजेत नाही हो, तुमच्या कानात आहे. बावीस वर्षं रेकॉर्डिंग केलेल्या माणसाला हे मी काय सांगणार? तुम्हालाही कळलंय, नाहीतर स्टुडिओत पाठदुखीचं निमित्त सांगून पंधरा दिवस घरी बसला नसतात.

सोमवारी सकाळी कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. मी सोबत येईन. स्टुडिओतून फोन आला होता, पाठ अजून दुखतेय असंच सांगितलं.

जेवून घ्या. किल्ली मी नेतेय. हल्ली बेल वाजवून दारात उभी राहते, तुम्हाला ऐकूच येत नाही.