तीन रिंगा

प्रिय बारक्या,

वर्षभराने ताईचं अक्षर बघून कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू देत, तुझ्या आठ्यांना मी लहानपणापासून भीक घातलेली नाही. फक्त अर्ध्यावर फाडू नकोस. शेवटपर्यंत वाच आणि मग जाळून टाक. खरंच जाळ हं, चेष्टा नाही करत. तुझा ट्रक थांबतो त्या पंक्चरवाल्याकडे शिंपीणकाकू सीटकव्हरांचा गठ्ठा घेऊन येतायत, त्यातून हे पाठवतेय. दुसऱ्याच्या गोष्टींत नाक खुपसायची त्यांना सवय नाही. ती नोकरी मी करते.

त्या नोकरीवरूनच आपलं वाजलं. तुझे दाजी बाजारात टाचा झिजलेले बूट शिवून आणायला गेले आणि त्या स्फोटात सापडले. मला त्यांचा एकच बूट परत मिळाला, तो अजून दाराशी आहे. मग थोरले आले. ऑफिसात आम्ही त्या मोठ्या देशाला थोरलेच म्हणतो, कारण घरातल्या थोरल्यासारखे ते न विचारता सगळ्यांत लक्ष घालतात. त्यांची विमानं आली, यंत्रं आली, जगाच्या सुरक्षेची भाषणं आली, आणि फोन ऐकायला इथली बोली समजणारी माणसं हवी झाली. मी दुसऱ्याच दिवशी अर्ज केला. तू म्हणालास, ज्यांना हे आज शोधतायत त्यांच्या हातात बंदुका आधी कुणी दिल्या ते विचार. आधी विहिरीत ढकलायचं आणि मग दोर विकायचा, असली यांची तऱ्हा. मी म्हणाले, ज्याचं जळतं त्यालाच कळतं. तू ट्रकची किल्ली उचललीस आणि गेलास. आईने त्या दिवशी दोघांचीही ताटं झाकून ठेवली होती. दोन्ही तशीच राहिली.

कामाची पद्धत तुला कधी सांगितली नाही. परवानगी नव्हती, आणि आपण बोलत तरी कुठे होतो! कानाला हेडफोन लावून बसायचं. समोर नाव नसतं, नंबर नसतो, नुसते आकडे दिलेले असतात. चौदाने एकतीसला कुठल्या गावातून, कधी फोन केला, एवढंच कळतं. ओळख पटली तर आम्हाला दया येईल, असं त्यांना वाटतं. ऐकायचं, दोन ओळी लिहायच्या आणि कागदाला रंग द्यायचा. पांढरा म्हणजे सोडून द्या, पिवळा म्हणजे नजर ठेवा आणि लाल म्हणजे थोरल्यांकडे. लालचं पुढे काय होतं ते आम्हाला कुणी सांगत नाही. एकदा डोंगरातल्या एका घरावर आकाशातून काहीतरी पडलं, बातम्यांत बारा अतिरेकी ठार म्हणाले. गावावरून कळलं, त्या घरचे फोन महिनाभर मीच ऐकत होते. त्यांतली एक पोरगी आजोबांना फोनवर पाढे म्हणून दाखवायची आणि सातच्या पाढ्यात हमखास चुकायची. मी त्या घराला पिवळा दिला होता. पिवळाच दिला होता, असं मी रोज स्वतःला सांगते.

गेल्या महिन्यात मला एक घबाड सापडलं. चौदा हा एकतीसला फोन करायचा, तीन रिंगा द्यायचा आणि बंद करायचा. बोलणं नाही की चालणं नाही. तीन महिन्यांत अकरा वेळा, दर वेळी वेगळ्या गावातून, नेहमी भर दुपारी. मी तारखा जुळवल्या. अकरांपैकी चार वेळा त्याच गावात किंवा शेजारच्या गावात दोन दिवसांच्या आत स्फोट झाला होता. त्या तारखा मी तीनतीनदा तपासल्या रे, आनंदाने. दाजींना मारणाऱ्यांचा माग लागला असंच मला वाटलं. मी लिहिलं, ठरलेली खूण आहे, एक शब्द बोलत नाहीत म्हणजे माणसं मुरलेली आहेत. आणि लाल दिला. चष्मेवाल्या साहेबाने सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढले.

मग मला ताप आला आणि मी दोन दिवस घरी राहिले. दुपारी पडल्या पडल्या आईच्या फोनची रिंग ऐकली. एक, दोन, तीन, आणि बंद. आईने फोनला हातसुद्धा लावला नाही. गॅस बारीक केला, पाटावर टेकली आणि हुश्श केलं. मग माझ्याकडे चोरून बघितलं, मला झोप लागली आहे ना म्हणून.

बारक्या, मी त्या गादीवर गार पडले. बाबांची रीत मी कशी विसरले? ते फिरतीवर असायचे, समोरचा दुकानदार त्याच्या फोनवर बोलू द्यायला कुरकुर करायचा, म्हणून तीन रिंगा देऊन ठेवायचे. सुखरूप पोचलो. त्या रिंगा मोजायला दुकानाच्या पायरीवर कोण बसायचं? मीच ना! जगात एकाच माणसाला ही खूण पहिल्या झटक्यात ओळखता आली असती, आणि तिनेच तिला लाल रंग दिला. आईने तुझे फोन माझ्यापासून लपवले आणि मी तिला कधी विचारलं नाही. आपल्या घरात रुसवे असेच पाळले जातात.

पण खोटं कशाला बोलू, त्या रात्रीपासून मी नुसती रडत बसलेली नाही. मी परत तारखा काढल्या. चार गावं, चार स्फोट. तू माल वाहतोस, रस्ता त्याच गावांवरून जातो, सगळ्याच ट्रकवाल्यांचा जातो, कबूल. मग गेले नऊ दिवस तुझा फोन बंद का आहे? तुला कुणी सावध केलं? गाडीत काय असतं ते मालक तुला सांगतो का, की तूही माझ्यासारखा कागदावरचे आकडेच बघतोस? माझ्या हातून फुटलेली बरणी तू स्वतःवर घेतली होतीस, बाबांचा मार खाल्लास आणि तोंडातून चकार शब्द काढला नाहीस. आजवर त्याचं मला कौतुक होतं. आता वाटतं, एवढा गप्प राहू शकणारा माणूस आणखी काय काय पोटात ठेवत असेल! बघ, कसली झालेय मी. भावाच्या चांगुलपणातही मला पुरावा दिसतो.

सोमवारी साहेबाने मला आत बोलावलं. चहा मागवला, बिस्किटं पुढे केली आणि आईची तब्येत विचारली. तेव्हाच कळलं की चौदा कोण आणि एकतीस कोण हे त्यांना समजलंय. मी मुद्दाम पकडून दिलं की चुकून, याचा अंदाज घेत तो माझ्या हातातल्या कपाकडे बघत होता. मग कोरा कागद पुढे सरकवून म्हणाला, भावाला पत्र लिहा. तो सांगत गेला आणि मी लिहीत गेले.

म्हणून तुला दोन पत्रं मिळतील. पोस्टाने येईल त्यात आई शेवटच्या घटका मोजतेय, असशील तसा निघून ये, असं लिहिलंय. अक्षर माझंच आहे, मजकूर त्यांचा. आई ठणठणीत आहे. फोन उशाशी घेऊन बसते आणि तुझ्या नावाने माझ्याशी भांडते. तुझे हात स्वच्छ असतील तर येऊ नकोस. इथे आधी उचलतात आणि मग विचारतात, आणि लाल कागद परत पांढरा झालेला मी पाहिलेला नाही. पण त्या चारांपैकी एका गावातही तू काही पोचवलं असशील, तर पोस्टाने आलेल्या पत्राप्रमाणे ये. कुणाच्या तरी दाराशी असाच एक बूट पडलेला असेल. दार मीच उघडेन, पोटभर जेवू घालेन आणि मग साहेबाला सांगेन. तू आला नाहीस तर मला काहीच कळणार नाही, हे मला ठाऊक आहे. रोज सकाळी तू निर्दोष आहेस म्हणून देवाचे आभार मानेन आणि रोज संध्याकाळी तारखा जुळवत बसेन. ते चालेल मला. आईला मात्र रिंगा देऊ नकोस, आता ऐकायला मी एकटी नाही.

तुझीच,
खाष्ट ताई