बारा गाळणी

६ एप्रिल, सोमवार
पाणी आलं. पुन्हा तोच वास! नळाला गाळणं पांढरं बांधलं होतं, सोडलं तेव्हा काळपट. हे म्हणाले, "उन्हाळ्यात असंच असतं." या घरात पंधरा उन्हाळे काढले, वास यंदाच यायला लागलाय. यांना नाक नाही की काय!

आम्ही जैन, पाणी गाळूनच घेतो, वर मी उकळते. म्हणून आम्ही दोघं धडधाकट. शेजारच्या भामाबाईंच्या घरी तसं काही नाही. त्यांची सून राणी सात महिन्यांची गरोदर. आठ दिवस पोटात काही ठरत नाही तिच्या. आज तिला उजेडात आणून डोळे बघितले, हळदीसारखे पिवळे. ताबडतोब रिक्षा बोलावली.

७ एप्रिल, मंगळवार
राणीला मिरजेला दवाखान्यात ठेवलं. कावीळ. पाण्यातूनच, डॉक्टर म्हणाले. पोटुशीला ही कावीळ जीवावर बेतते, असंही म्हणाले. भामाबाई माझा हात सोडेनात. मला धड बसवेना, धड उठवेना.

९ एप्रिल, गुरुवार
पालिकेत गेले. पाणीपुरवठ्याचे वीरधवल साहेब. पाणीपट्टी वर्षाची घेता, पाणी एक दिवसाआड देता, तेही गटाराचं, असं तोंडावर सांगितलं. गटार तीन वर्षं फुटलेलं आहे, चार अर्ज दिले, तेही सांगितलं. त्यांनी टाकीच्या पाण्याचा रिपोर्ट दाखवला. शुद्ध! तुमच्या घरातल्या टाक्या धुवा म्हणे.

मी उठताना साहेबांनी विचारलं, "अण्णा बरे आहेत ना?" अण्णा म्हणजे हे. यांना कुठून ओळखतात कोण जाणे. यांच्या हळदीच्या पेढीवर ओळख झाली असेल.

घरी येऊन भांडी आपटली. तीस वर्षं शाळेत शिवण शिकवलं. उलट बोलणाऱ्या मुलींना उभं करायचे, या साहेबांना कुठं उभं करू?

१० एप्रिल, शुक्रवार
सुचलं! सकाळीच मांजरपाट आणला. बारा तुकडे कापले. लाल दोऱ्यानं प्रत्येकावर घराचा नंबर घातला. गल्लीत बारा घरं, प्रत्येकाच्या नळाला एकेक बांधून आले. पाण्याच्या चार पाळ्या होईपर्यंत कुणी सोडायचं नाही, धुवायचं तर अजिबात नाही. आमचं मागच्या दारच्या नळाला बांधलं, पिण्याचं पाणी तिथलंच घेतो. धो धो येतं. गल्लीतल्या बायका चिडवतात, काकूंचा नळ नशीबवान.

हे पेपर वाचत होते. म्हणाले, कशाला नसत्या उठाठेवी. मी म्हटलं, शेजारी जीव टांगणीला लागलाय, याला नसती उठाठेव म्हणतात? पेपर खाली केलाच नाही त्यांनी.

१३ एप्रिल, सोमवार
राणी तशीच. झोप नाही.

१७ एप्रिल, शुक्रवार
गाळणी सोडली. दोरीवर नंबरानं वाळत घातली आणि बघतच राहिले. एक ते सहा, जवळजवळ पांढरी. सात, म्हणजे आमचं, काळंकुट्ट. आठ भामाबाईंचं, चहासारखं. तिथून बारापर्यंत रंग फिकट होत गेलेला. म्हणजे घाण आमच्या दारात लाईनीत शिरते आणि पुढं जाते! आंधळ्यालाही कळेल.

दोरी तशीच गुंडाळली आणि गल्लीतल्या नऊजणींना घेऊन पालिकेत. वीरधवल साहेब म्हणाले, हा काही पुरावा नव्हे. मग थेट मुख्याधिकारी बाईंच्या खोलीत दोरी बांधली, एक टोक खिडकीला, एक कपाटाला. बाई उठून एकेक गाळणं बघत सातपर्यंत आल्या. वास घेतला. मंगळवारी खोदा, म्हणाल्या. तिथंच!

अर्जावर एक्केचाळीस सह्या. शेवटचं वाक्य मी हट्टानं घातलं: 'जो दोषी असेल त्याच्यावर गुन्हा दाखल व्हावा, मग तो कोणीही असो.'

१९ एप्रिल, रविवार
हे दोन दिवस जेवत नाहीत नीट. दारातल्या फरश्या उचकटतील म्हणतात. आधी म्हणाले पुढच्या महिन्यात खोदू दे, मग म्हणाले भामाबाईंच्या दारात खोदू दे. माणसापेक्षा फरशी मोठी? मी फार तोडून बोलले. नंतर वाईट वाटलं, पण माफी मागितली नाही.

२१ एप्रिल, मंगळवार
खोदलं.

पाणी सोडणारा जोतीराम खड्ड्यात उतरला होता. मी वर उभी, कंबरेवर हात ठेवून. गल्ली सगळी मिरजेला किंवा कामाला गेलेली, मी एकटीच. त्यानं चिखल बाजूला केला आणि वर बघितलं. "काकू, ही नळी तुमच्या मागच्या दारी गेलीया. आमच्या वहीत न्हाई ही."

चोरून घेतलेला नळ. फुटक्या गटारातून आणलेला. सांधा गंजून गेलाय. लाईन बंद झाली की तिथून गटाराचं पाणी आत ओढलं जातं, आणि पुढच्या पाळीला ते पुढच्या घरी. जोतीरामनं हळू आवाजात सांगितलं सगळं. मी ऐकत होते.

हे घर घेतलं त्या वर्षी मी महिनाभर माहेरी गेले होते. परत आले तर मागच्या दारी नवा नळ. किती खूश झाले होते मी!

आत आले. हे पाटावर बसून होते. विचारायची गरजच पडली नाही.

"तू जतची," म्हणाले. "टँकरमागं घागर घेऊन पळालीस सारा जन्म. इथं आल्यावर म्हणालीस, निदान आता नळ भरून वाहू दे. तुझ्यासाठीच घेतला."

मी म्हणाले होते. शब्दन् शब्द आठवतोय.

२२ एप्रिल, बुधवार
वीरधवल साहेब स्वतः घरी आले! चहा घेतला. खड्डा तेवढा काल घाईनं बुजवून घेतलाय, जोतीरामची दुसऱ्या भागात बदली केलीय. म्हणाले, "काकू, अर्ज मागं घ्या. जुनी लाईन फुटली होती, असं लिहितो. तुमच्या घरावर बोट नको यायला." हे मान खाली घालून बसलेले.

एवढी कळकळ त्यांना आमच्या अब्रूची?

उद्या सांगते म्हटलं. खोटं कशाला लिहू, त्या क्षणी हायसं वाटलं मला. सुटलो, असंच वाटलं. मग संध्याकाळी भामाबाई आल्या. राणी बाळंत झाली, दिवस भरायच्या आधीच. मुलगी. पेटीत ठेवलीय. राणी अजून शुद्धीवर नाही. "काकू, तुमी हलला म्हून पोर वाचली," म्हणाल्या आणि माझ्या पाया पडायला वाकल्या. त्यांना धरून उभं केलं. दिवस मावळायच्या आत जेवायचं राहून गेलं, मग काही खाल्लंच नाही.

२३ एप्रिल, गुरुवार
सकाळी भामाबाईंना सांगितलं. सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं.

अर्ज मागं घेतला नाही. मागं एक कागद जोडला. 'घर नंबर सात. नळ घेणारा: तवनाप्पा, माझे पती.' कागद यांच्यापुढं ठेवला, सही करा म्हटलं. वाटलं, फाडतील.

चष्मा लावला. सही केली. मग पेन खाली न ठेवता खाली आणखी एक ओळ लिहिली, सावकाश, त्यांच्या त्या वळणदार अक्षरात:

'नळ जोडून देणारा: वीरधवल. तेव्हा पालिकेत मिस्त्री होता.'