मोरीखालची टाकी

९ जानेवारी, गुरुवार

आली एकदाची वॉर्ड ऑफिसची तपासणी! मला वाटलं होतं, कुणीतरी पोट सुटलेला साहेब येईल. ही तर पोरगीच. वर्षाराणी नाव, गगनबावड्याकडची. आल्या आल्या पँट दुमडून मोरीपाशी उकिडवी बसली आणि टाकीचं झाकण स्वतः उचललं. काय तो वास! नाकाला पदर मी लावला, तिनं नाही.

खानावळीतल्या भांड्यांचं पाणी आधी या टाकीत यायचं, तेलकट वर थांबायचं, पाणी तेवढं गटारात जायचं — असं आहे म्हणे. वरचं तेल दर आठवड्याला काढायचं. मी इतकी वर्षं वांग्याला बोटभर तेल सोडत आले, ते पुढं कुठं जातं याचा विचारच केला नव्हता. टाकी ह्यांनी बसवलेली, साफही हेच करायचे. हे गेल्यापासून झाकण कुणी उघडलंच नाही.

शेरा मारला तिनं. "आक्का, साफ सापडली तर पुन्हा सहा महिन्यांनी तपासणी. न्हाय सापडली तर दर गुरुवारी यीन. तिसऱ्या शेऱ्याला सील! माझ्या हातात कायबी न्हाय."

चहा विचारला. "ड्युटीवर घेत न्हाय." जाताना भिंतीवरच्या फोटोपाशी थांबली. "मालक व्हय? हसरं हुतं की." किती दिवसांनी ह्यांच्याबद्दल कुणीतरी काही बोललं!

११ जानेवारी

दिवसभर पार्सल. हेल्मेटवाली पोरं दारातूनच नंबर ओरडतात, पिशवी घेतात, सुटतात. टेबलं मी रोज पुसते, बसत कुणी नाही. पूर्वी गिऱ्हाईक जेवून झालं तरी उठायचं नाही. बोलायचं काम ह्यांचं, भाकरी थापायचं माझं. आता माझी भाकरी कोण कुठं बसून खातं, देव जाणे.

१५ जानेवारी, बुधवार

टाकी साफ करायला बसले. डाव घेतला, बादली घेतली. आणि मनात आलं — साफ झाली तर ती सहा महिने येणार नाही.

झाकण परत ठेवलं. वेड लागलंय मला!

१६ जानेवारी, गुरुवार

आली. भडकलीच! "सांगिटलं हुतं की तुमास्नी! ऐकाय येत न्हाय व्हय?" दुसरा शेरा. मी मान खाली घालून उभी, आणि आतून चक्क बरं वाटत होतं. रागावलं तरी माझ्यावरच रागावत होती ना कुणीतरी.

मग हातमोजे घातले आणि वरचा थर कसा काढायचा ते मला शिकवत बसली. दोघी मोरीत, गुडघ्याला गुडघा लावून. ती इथं खोली घेऊन एकटीच राहते. हॉटेलात जेवायला गेली की मालक हात बांधून उभा राहतो, शेजारचं टेबल गप्प होतं. "घास उतरत न्हाय बघा. मग खोलीवर पोहं भिजवायचं."

म्हटलं, इथं जेव की बाळ.

"तुमचं जेवलो तर शेरा कसा मारू?"



१९ जानेवारी

प्रेरणाचा बंगळूरहून फोन. "सील लागलं तर बरंच की अव्वा! गाशा गुंडाळ आणि ये इकडं." लेक मायेनंच म्हणते. पण मागं राहून आलेय तिथं; लेक-जावई कामाला गेली की मी आणि धुण्याचं मशीन. मशीन थांबलं की शिटी मारतं, तेव्हा कुणी हाक मारली असं वाटून मी उठायची. पुन्हा तिथं जायचं नाही मला. मला तवा पाहिजे, पीठ पाहिजे, ह्यांचा फोटो पाहिजे. आता तिसरा शेरा नको.

२२ जानेवारी, बुधवार

टाकी घासली. राख, लिंबाच्या साली, कढत पाणी. कोपरे काडीनं कोरले. घासताना रडू आलं, तर म्हटलं, रड बाई, इथं कोण बघतंय. तळाचं स्टील दिसायला लागलं.

खानावळ वाचली. पोरगी आता जुलैत.

२३ जानेवारी, गुरुवार

आली. झाकण उचललं, बराच वेळ बघत राहिली. "टाकी स्वच्छ" असं लिहून सही केली, कागद माझ्या हातात दिला. उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथनंच परत फिरली. पुन्हा वाकली.

"कोपऱ्यात वाईच हाय बघा अजून, आक्का. पुढच्या गुरुवारी ड्युटी सुटल्यावर येऊन बघून जातो."

ती गेल्यावर मी बॅटरी घेऊन चारी कोपरे पाहिले. कुठंच काही नव्हतं.