वसईला खोली बघून आले

दादा, मी वसईला जाऊन आले. घोडेगावच्या स्टँडवर शाळेच्या सहलीच्या गाडीतून दंडाला धरून तुम्ही मला उतरवलं होतं ना, ती गाडी जिथं चालली होती, तिथंच. सातवीत होते मी. मांडीवर फडक्यात बांधलेल्या भाकरी, बाई सांगतायत किल्ला बघायचा, समुद्र बघायचा, आणि तुम्ही सगळ्या पोरींदेखत म्हणताय, "मोठं पाणी असंल तितं माझी लेक जायाची न्हाई." आपलं गाव धरणात जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते, ते कळत होतं मला. तरी राग आला होता, अन् अजून आहे. पुढं तर तुम्ही घराला नियमच घालून दिलात, मोठ्या पाण्याकाठी लेक द्यायची नाही, ठेवायची नाही. तुम्ही गेलात, नियम मागं राहिला.

आता तुमच्या नातीला, माझ्या पोरीला, वसईत दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. धाकटा भाऊ लगेच म्हणाला, दादांचा शब्द मोडू नको. का मोडू नको? तुम्ही स्वतः दरवर्षी धरणाचं पाणी हटलं की उघड्या पडलेल्या गाळात हरभरा पेरायचात. त्याच्या ओल्या सोलाण्याची आमटी आई करायची, तुम्ही दोनदा वाढून घ्यायचात. त्या पाण्याचा हरभरा चालतो आणि पोरीची नोकरी चालत नाही, हे मला पटत नाही. तेव्हा विचारायची छाती नव्हती, आज विचारते.

म्हणून पोरीला घेऊन खोली बघायला गेले. आधी किल्ला हिंडलो. तट लई रुंद, आत झाडं माजलेली. समुद्राकडच्या दरवाजातून बाहेर आलो तर पाणी पार लांब, होड्या गाळात कलंडलेल्या. मला वाटलं, आपल्या धरणासारखंच हटलंय, आता पावसाळ्याशिवाय काय येत नाही. चपला आणि जेवणाचं फडकं तिथंच ठेवलं अन् तटाच्या सावलीला जाऊन बसलो. जरा वेळानं मासळी वाळत घालणाऱ्या बाईनं हाक मारली, तर आमच्या भाकरी पाण्यावर तरंगतायत. पोरगी पोट धरून हसतेय, आणि मी तिचा दंड गच्च धरून उभी. त्या बाईला आमची कीव आली असावी. म्हणाली, "घाबरू नको बाय. दिवसातून दोनदा येतंय, दोनदा जातंय. वेळ ठरलेली हाय त्याची."

दादा, ठरल्या वेळेला माघारी जाणारं पाणी तुम्ही कधी बघितलंच नाही. मी बघितलं. तिथूनच, अनवाणी, भावाला फोन लावला. म्हटलं, पोरगी इथं राहणार, दादांचा शब्द मी मोडला, काय बोलायचं ते मला बोल.

हे पत्र तुमच्या फोटोपुढं वाचणार नाही आणि भावालाही दाखवणार नाही. गव्हाच्या कोठीत तळाशी ठेवणार आहे. कारण घरमालकानं दोन खोल्या दाखवल्या होत्या. एकीच्या खिडकीत अख्खा समुद्र, पोरीला तीच हवी होती. मी वारा फार लागेल म्हणाले आणि मागची घेतली. तिच्या खिडकीतून शेजारची भिंत दिसते.